शिक्क्यामागचा हात

यीशिंगची चहादाणी हातात आली की खरेदीदार ती आधी उलटी करून पाहतो. बुडाशी ओल्या मातीत उमटवलेला एक छोटा चौकोनी शिक्का असतो. झाकणाच्या आतल्या बाजूस किंवा मुठीखाली आणखी एखादा असतो. त्यातली अक्षरे नामवंत कारागिराची निघाली तर किंमत शेकड्यांवरून लाखांवर जाते. न निघाली तर तेच भांडे चहा ओतण्यापुरते उरते. चीनमध्ये हा व्यवहार कित्येक पिढ्या असाच चालत आला आहे. या व्यवहारात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यांचा शब्द अखेरचा मानला जाई, त्या गू जिंगझोऊ यांना मात्र शिक्क्याचा भरवसा किती धरावा हे इतर कोणाहीपेक्षा अधिक चांगले ठाऊक होते. तरुणपणी त्यांनी जुन्या कलावंतांच्या नावांच्या वस्तू आपल्याच हातांनी घडवल्या होत्या, आणि त्यांतल्या काही पुढे मान्यवर संग्रहालयांत त्या जुन्या नावांनीच जाऊन बसल्या होत्या.

गू (चिनी रीतीप्रमाणे आडनाव आधी) यांचा जन्म १९१५ साली जियांगसू प्रांतातील यीशिंगजवळच्या एका खेड्यात झाला. ताई सरोवराच्या पश्चिमेचा हा टेकड्यांचा मुलूख. तेथील डिंगशू गावाजवळच्या पिवळ्या ड्रॅगनच्या टेकडीच्या पोटात जी माती सापडते, तिला चिनी लोक झिशा म्हणतात. शब्दाचा अर्थ जांभळी वाळू. नावाला माती असली तरी खाणीतून ती दगडासारखी निघते. उन्हापावसात उघडी टाकून तिला भुसभुशीत होऊ द्यायचे, मग दळायचे, चाळायचे, पाण्यात कालवून दीर्घकाळ मुरू द्यायचे, आणि मगच तिला हात लावायचा, अशी तिची रीत. भट्टीत सुमारे अकराशे ते बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजल्यावर तिच्या जातीप्रमाणे जांभळट तपकिरी, लाल किंवा फिकट पिवळा रंग उमटतो. तिच्यावर झिलई चढवत नाहीत. त्यामुळे भांड्याचे अंग किंचित सच्छिद्र राहते, चहाचा वास धरून ठेवते, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने, हाताच्या स्पर्शाने त्याच्यावर एक मंद तुकतुकी चढते. चीनमधील चहाचे शौकीन या तुकतुकीसाठी आपली चहादाणी अक्षरशः वाढवतात, लेकरासारखी जपतात.

या भांड्याचा उदय चहा पिण्याच्या रीतीतील एका बदलाशी जोडलेला आहे. मिंग घराण्याच्या संस्थापक सम्राटाने १३९१ साली दरबाराला चहाच्या दाबलेल्या वड्या पाठवण्याची प्रथा बंद केली. वडी कुटून, भुकटी घुसळून पिण्याची जुनी पद्धत हळूहळू मागे पडली आणि सुटी पाने गरम पाण्यात भिजवण्याची पद्धत रुळली. पाने भिजवायला झाकणाचे, तोटीचे भांडे हवे. ते यीशिंगने पुरवले. सोळाव्या शतकात गोंगचुन नावाच्या एका सेवकाने, मालकासोबत एका देवळात राहत असताना तेथील भिक्षूचे काम पाहून पहिली नावाजलेली चहादाणी घडवली, अशी परंपरागत कथा आहे. झाडाच्या खोडावर येणाऱ्या गाठीसारखा तिचा आकार होता असे सांगतात. त्याच्यानंतर मिंग काळाच्या उत्तरार्धात शी दाबिन आला; त्याने पुढे मोठ्या चहादाण्या सोडून लहान, हातात मावणाऱ्या चहादाण्यांची वाट धरली. सम्राट कांगशीच्या काळात चेन मिंगयुआनने फळे, शेंगा, बांबूचे कोंब यांचे आकार मातीत उतरवले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेजारच्या लियांगचे दंडाधिकारी आणि ख्यातनाम मोहोर-कोरक चेन मानशेंग यांनी आकार योजले, यांग पेंगनियान या कारागिराने ते घडवले, आणि चहादाणीवर सुलेखन व काव्य कोरण्याची परंपरा बहरली. त्यानंतरचा शाओ दाहेंग साध्या, निरलंकृत, भरदार आकारांसाठी ओळखला गेला. गोंगचुन ते दाहेंग ही नावे म्हणजे यीशिंगची वंशावळ, आणि बाजाराचे चलनही.

अशा गावात वाढलेल्या गू यांचे बालपण मात्र माती मळण्यात नव्हे, पुस्तकांत गेले. शू टेकडीच्या पायथ्याशी, थोर कवी सू दोंगपो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. दोंगपो अकराव्या शतकात यीशिंगला राहिले होते; ही टेकडी आपल्या मायभूमीतल्या, म्हणजे शू प्रदेशातल्या टेकड्यांसारखी आहे असे त्यांना वाटले आणि म्हणून तिला ते नाव पडले, अशी आख्यायिका आहे. या शाळेत गू यांना अभिजात चिनी वाङ्मयाची गोडी लागली आणि ती अखेरपर्यंत टिकली. पुढे इतर कारागिरांहून त्यांचे वेगळेपण सांगताना लोक आवर्जून म्हणत, की हा मातीत हात घालणारा पंडित आहे. पण घरच्या परिस्थितीमुळे पुढील शिक्षणाची वाट खुंटली आणि विशीच्या उंबरठ्यावर ते घरच्या धंद्याकडे वळले. त्यांची आजी चहादाण्या घडवणाऱ्या शाओ घराण्यातली. पहिले धडे तिच्याकडूनच मिळाले.

आपल्याकडच्या कुंभारासारखे फिरते चाक यीशिंगच्या चहादाणीला चालत नाही. ही माती चाकावर उंचावण्याइतकी लवचिक नसते. कारागीर लाकडी थापीने मातीची सारख्या जाडीची लांब पट्टी थापतो, ती वळवून नळकांडे करतो, ते हाताने फिरणाऱ्या छोट्या पाटावर ठेवतो. मग डाव्या हाताची बोटे आत आणि उजव्या हातातली थापी बाहेर, असे थापटत थापटत नळकांड्याचा गोल गरगरीत गडू होतो. बूड आणि माथा मातीच्या चकतीने मिटवतात, तोटी आणि मूठ वेगळी करून जोडतात, आणि शेवटी बैलाच्या शिंगाच्या पातळ पट्टीने सगळे अंग घोटतात. या घोटण्यात अंगाचा पोत ठरतो. पातळ शिंगपट्टी किती दाबाने, किती वेळा फिरली, हे भांडे भाजल्यावरही जाणत्याला कळते. म्हणजे चहादाणीच्या अंगावर कारागिराची दोन हस्ताक्षरे असतात. एक शिक्क्याचे, जे कोणीही कोरून घेऊ शकतो. दुसरे हाताचे, जे उसने घेणे फार कठीण. गू यांची सारी हयात या दोन हस्ताक्षरांमधल्या अंतराशी झगडण्यात गेली असे म्हणता येईल.

कष्ट करण्याची तयारी आणि विलक्षण नजर यांमुळे त्यांचे नाव लवकरच पंचक्रोशीत झाले. आपली अवजारे ते स्वतः करीत. आकार नेमका हवा तर त्या आकाराचे अवजार आधी नेमके हवे, ही त्यांची शिस्त होती. १९३६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, शांघायच्या एका पुराणवस्तू व्यापाऱ्याने त्यांना बोलावून घेतले. शांघाय तेव्हा चीनमधील पैशाचे केंद्र होते. परदेशी कंपन्या, बँका, गिरण्या आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेला नवा श्रीमंत वर्ग यांना जुन्या वस्तूंचा षोक जडला होता. मिंग आणि चिंग काळातील नामवंतांच्या चहादाण्यांना मागणी होती, आणि खऱ्या वस्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. उरलेली गरज यीशिंगच्या निपुण कारागिरांनी भागवावी असा हा व्यवहार होता. गू एकटे नव्हते. पेई शिमिन यांच्यासारखे ज्येष्ठ आणि पुढे जियांग रोंग यांच्यासारखी तरुण मुलगीही शांघायमध्ये अशाच कामात होती. पुढच्या काळात ज्यांना यीशिंगचे महान कलावंत म्हणून गौरवण्यात आले, त्यांतल्या बहुतेकांनी उमेदीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या नावाने काम केलेले आहे.

चिनी परंपरेत पूर्वसूरींची नक्कल करणे हे मुळात पाप नाही. चित्रकार आणि सुलेखनकार गुरूंच्या कृती गिरवूनच शिकत आले. दोष गिरवण्यात नव्हता. गिरवलेली वस्तू मूळ म्हणून विकण्यात होता, आणि तो नफा कारागिराच्या पदरात पडत नसे. पण कारागिराला दुसरे एक धन मिळाले. खेड्यात राहून ज्या वस्तूंचे केवळ नाव ऐकले असते, त्या शांघायमध्ये प्रत्यक्ष हाताळायला मिळाल्या. नक्कल करायची तर नुसते पाहून भागत नाही. झाकणाची कड किती रुंद, तोटी कोणत्या कोनात उगवते, मुठीची जाडी कोठे कमी होते, आतला सांधा कसा बुजवला आहे, हे बोटांनी वाचावे लागते. शी दाबिन कसा विचार करीत असेल, चेन मिंगयुआनचा हात कोठे सैल पडत असेल, हे त्यांच्याच चुका पुन्हा करून समजून घ्यावे लागते. गू यांनी गोंगचुनच्या झाडगाठीच्या चहादाणीची, मिंगयुआनच्या बांबूच्या कोंबाच्या जलपात्राची आणि ड्रॅगनची मूठ व फीनिक्सची तोटी असलेल्या चहादाणीची नक्कल केली. त्यांनी घडवलेल्या अशा वस्तू पुढे बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आणि नानजिंगच्या संग्रहालयात पोहोचल्या. पारखी होण्याची याहून कठोर शाळा क्वचितच कोणाला मिळाली असेल.

याच काळात त्यांनी स्वतःसाठीही काही नावे घेतली. चिनी विद्वान टोपणनावे घेत, तशीच ही. एका शिक्क्यात ते स्वतःला वूलिंगचा एकांतवासी म्हणवतात. दुसऱ्यात कृश शेवाळ. पाण्यावर मुळाशिवाय तरंगणारे शेवाळ ही चिनी कवितेत वाऱ्यावर सोडलेल्या, परक्या मुलखात भटकणाऱ्या माणसाची जुनी प्रतिमा आहे. मोठ्या शहरात परक्या नावांची भांडी घडवणाऱ्या तरुणाने ती निवडावी, यात नवल नाही. पुढे वय वाढले तसा कृश शब्द गळून वृद्ध शब्द आला, आणि उतारवयात ते स्वतःला चहादाण्यांचा म्हातारा म्हणवू लागले. या शिक्क्यांच्या आधारे त्यांच्या कामाचे कालखंड आज ठरवले जातात.

१९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. शांघाय पेटले, यीशिंगच्या भट्ट्या थंडावल्या, कारागीर पांगले. पुढली दहा-बारा वर्षे युद्धाची आणि यादवीची होती. त्या अंधाऱ्या काळाच्या शेवटी, १९४८ मध्ये, गू यांच्या हातून एक वेगळी गोष्ट घडली. शांघायच्या एका चहादाणी-व्यापाऱ्याच्या मध्यस्थीने त्यांचा वू हूफान आणि जियांग हानटिंग या चित्रकारांशी परिचय झाला होता. गू यांनी त्यांच्यासाठी पाच चहादाण्या घडवल्या. आकार मानशेंगच्या परंपरेतला, बुडाशी रुंद आणि वर निमुळता होत जाणारा, तीन लहान पायांवर उभा, दगडी ओगराळ्याच्या नावाने ओळखला जाणारा. चहादाणीच्या अंगावर चित्रकारांनी बांबू रेखाटले, पदे लिहिली आणि ती मातीत कोरण्यात आली. वस्तू पुराणी नव्हती, कोणा मृत कलावंताच्या नावाचीही नव्हती. चित्रकार जिवंत, कारागीर जिवंत, आणि ज्याच्यासाठी घडवली तो मित्रही जिवंत. त्या पाचांपैकी एक २०१० मध्ये बीजिंगमधील लिलावात १ कोटी २३ लाख २० हजार युआनला विकली गेली.

१९४९ च्या सत्तापालटानंतर कारागिरांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. १९५४ मध्ये यीशिंगची विखुरलेली झिशा-कला पुन्हा एका छपराखाली आणण्यात आली आणि गू तेथे दाखल झाले. १९५६ मध्ये प्रांतिक शासनाने सात ज्येष्ठ कारागिरांची तंत्रमार्गदर्शक म्हणून नेमणूक केली. गू त्यांत होते. आता त्यांचे मुख्य काम शिकवण्याचे होते. शू हानटांग, गाओ हायगेंग, झोऊ गुईझेन यांच्यासारख्या पुढच्या पिढीतील कलावंतांच्या हाताला त्यांनी वळण लावले. ते कडक शिक्षक होते. अवजार करण्यापासून सुरुवात, मग पट्टी थापणे, मग नळकांडे. एकेक क्रिया अंगवळणी पडेपर्यंत पुढची शिकवायची नाही. न जमलेले भांडे भट्टीत जाण्याआधीच मोडून टाकण्याची त्यांची सवय शिष्यांना धडकी भरवीत असे, असे सांगितले जाते. जे भांडे बाहेर जाईल त्याची जबाबदारी घडवणाऱ्यावर, ही शिकवण शांघायच्या अनुभवातून आली असावी.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बीजिंगच्या कला-महाविद्यालयातील प्राध्यापक गाओ झुआंग यीशिंगला आले. चीनच्या राजचिन्हाला अंतिम उठावाचे रूप देणारे हे शिल्पकार. त्यांनी माथ्यावर मूठ असलेल्या एका चहादाणीची कल्पना मांडली. झाकण प्राचीन जेड चकतीसारखे सपाट, मूठ माथ्यावरून कमानीसारखी. गू यांनी ती मातीत उतरवली आणि पुढे पुन्हा पुन्हा तिच्या प्रमाणांवर काम केले. आखणी नव्या शिक्षणातली, हात जुन्या परंपरेतला, असा हा मेळ होता. मानशेंग आणि पेंगनियान यांच्या जोडीची ती विसाव्या शतकातली आवृत्ती म्हणावी लागेल. ही चहादाणी आज यीशिंगच्या आधुनिक आकारांत अभिजात मानली जाते.

नंतर सांस्कृतिक क्रांती आली. वैयक्तिक नाव मिरवणे हा बूर्झ्वा अहंकार ठरला. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या चहादाण्यांवर कारागिराच्या नावाऐवजी चीन, यीशिंग एवढीच अक्षरे उमटू लागली. शांघायमध्ये ज्यांनी दुसऱ्यांच्या नावाने काम केले होते, त्यांच्यावर आता नावाशिवाय काम करण्याची पाळी आली. त्या काळातील भांड्यांमध्ये कोणते कोणाच्या हातचे, हे आज केवळ अंगावरून, म्हणजे दुसऱ्या हस्ताक्षरावरून ठरवावे लागते.

परिस्थिती पालटली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस, आणि तिच्यामागे हाँगकाँगचा एक संग्राहक होता. सोयाबीनच्या दुधाचा व्हिटासॉय हा उद्योग उभारणारे के. एस. लो यांनी यीशिंगच्या जुन्या चहादाण्या आस्थेने जमवल्या होत्या. चीनची दारे किलकिली होताच त्यांनी यीशिंगच्या कारखान्याशी संपर्क साधला, उत्तम दर्जाच्या भांड्यांची मागणी नोंदवली आणि घडवणाऱ्याचे नाव भांड्यावर असावे असा आग्रह धरला. त्यांच्या देणगीतून १९८४ मध्ये हाँगकाँगला चहाच्या भांड्यांचे संग्रहालय उघडले. १९८६ मध्ये यीशिंगच्या मातीकामावर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पाठोपाठ तैवानमध्ये चहादाण्यांचे वेड पसरले. ज्यांनी पंचवीस वर्षे पगारी कामगार म्हणून हात झिजवले होते, त्या कारागिरांच्या दारात मोटारी येऊन उभ्या राहू लागल्या. शिक्का परतला, आणि त्याच्याबरोबर त्याचा जुना आजारही परतला.

पण कीर्ती दारात येत असतानाच गू यांच्या घरात दुःखाने पाऊल टाकले होते. त्यांचा विवाह बराच उशिरा झाला होता. १९८३ च्या वसंतात पत्नीच्या असाध्य आजारावर उपचार करण्यासाठी ते तिला घेऊन शांघायला गेले. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ज्या शहरात ते तरुण कारागीर म्हणून आले होते, तेथे आता एका माध्यमिक शाळेत त्यांनी तात्पुरता आसरा घेतला होता. रुग्णालयाच्या फेऱ्यांमधल्या रिकाम्या, असह्य वेळेत त्यांनी माती हाती घेतली आणि काही चहादाण्या घडवल्या. त्यांतल्या एका आकाराला नाव मिळाले तित्तिराचे. माथ्यावरची त्रिदलासारखी मूठ आणि बैठे अंग असा तिचा घाट आहे. तित्तिराच्या ओरडण्यात चिनी कवींना वाट बिकट आहे, पुढे जाऊ नकोस अशी विनवणी ऐकू येत आली आहे. या चहादाणीच्या बुडाशी त्यांनी केवळ शिक्का उमटवला नाही. वृद्ध पत्नीच्या उपचारासाठी शांघायला आलो असता, शाळेत मुक्कामी राहून, मन कशातच रमेना म्हणून, आपल्या नशिबाच्या खाचखळग्यांची खूण म्हणून ही भांडी घडवली, अशा आशयाचा मजकूर त्यांनी कोरला आणि आपले वय ६९ असल्याचे नोंदवले. पत्नी पुढे फार काळ जगली नाही. यीशिंगच्या दीर्घ इतिहासात बुडाशी कोरलेल्या मजकुरांची उणीव नाही. पण त्यांतले बहुतेक चहाबद्दल, चंद्राबद्दल, विरक्तीबद्दल आहेत. रुग्णालयाच्या आवाराबाहेर वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्याची नोंद इतक्या साधेपणाने क्वचितच कोठे आढळते. या शिक्क्याच्या सत्यतेसाठी कोणा पारख्याची गरज पडत नाही.

याच वर्षांत पारखी म्हणून त्यांच्याकडे लोक येऊ लागले. संग्रहालये, संग्राहक, व्यापारी, साऱ्यांना एकच प्रश्न होता: ही वस्तू खरी का? चहादाणी पारखण्याच्या काही कसोट्या कोणालाही शिकता येतात. तोटीचे टोक, तोंडाची कड आणि मुठीचा माथा एका रेषेत येतात का. झाकण फिरवले तर न अडखळता, न खडखडता फिरते का. झाकणावरचे छिद्र बोटाने दाबले की धार थांबते का. ओतताना पाणी एकसंध कमानीत पडते आणि थांबवल्यावर थेंब तोटीला चिकटत नाही ना. भरलेले भांडे उचलताना मनगटावर ओढ येते का. या कसोट्या भांडे चांगले की वाईट ते सांगतात. खरे की खोटे, हे सांगायला त्या अपुऱ्या पडतात, कारण उत्तम नकलाकार त्या सहज पार करतो. शिक्का तर त्याहून दुबळा साक्षीदार. सतराव्या शतकातील हुई मेंगचेन याचे नाव त्याच्या मृत्यूनंतर दोन शतके हजारो लहान लाल चहादाण्यांवर उमटत राहिले. ते नाव व्यक्तीचे न राहता मालाचे झाले. तुकतुकीही तेल आणि रंग चोळून आणता येते.

गू यांनी आपल्या लेखनात आकार, त्यातले चैतन्य आणि त्यातून जाणवणारा प्राण अशा पायऱ्यांनी चहादाणी पाहण्याचा मार्ग सांगितला आहे. ऐकायला हे धूसर वाटते. पण त्यामागे अतिशय ठोस अशी कारागिराची समज होती. नकलाकाराचे लक्ष मूळ वस्तूच्या रेषेवर असते. त्यामुळे त्याची रेषा बरोबर येते पण ती दबकत चालते. मूळ कारागीर रेषा शोधत नसतो, ती त्याच्या हातातून वाहत असते. हा फरक सांगायला स्वतः कधीतरी दबकत चाललेले असावे लागते.

या समजेचा सर्वांत धाडसी वापर त्यांनी केला तो यीशिंगच्या आद्य दैवतावर. १९२८ मध्ये यीशिंगचे विद्वान चू नानचियांग यांना सूझोऊच्या बाजारात झाडगाठीच्या आकाराची, गोंगचुनचे नाव कोरलेली एक चहादाणी मिळाली. मूळ झाकण हरवले होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कारागीर हुआंग युलिनने घडवलेले झाकण तिच्यावर होते. ते भोपळ्याच्या देठासारखे होते. चित्रकार हुआंग बिनहोंग यांनी त्यातली विसंगती दाखवून दिल्यावर पेई शिमिन यांनी झाडगाठीला शोभेल असे नवे झाकण केले. पुढे ही चहादाणी राष्ट्राला अर्पण झाली आणि बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात गोंगचुनची कृती म्हणून विराजमान झाली.  गू यांनी मात्र लेखी मत मांडले, की ही गोंगचुनची नसून बहुधा खुद्द हुआंग युलिनच्याच हातची असावी. यीशिंगच्या माणसाने यीशिंगच्या अभिमानबिंदूवर बोट ठेवावे, हे अनेकांना रुचले नाही. वाद आजही मिटलेला नाही. पण पुरातत्त्वाने त्यांच्या सावधपणाला एक आधार दिला. १९६० च्या दशकात नानजिंगजवळ १५३३ मध्ये दफन झालेल्या वू जिंग या राजदरबारी खोजाच्या थडग्यात माथ्यावर मूठ असलेली एक चहादाणी सापडली. निश्चित काळ सांगता येणारी ही यीशिंगची सर्वांत जुनी चहादाणी. तिचे अंग जाडसर, सांधे उघडे, घोटाई साधी. नावाचा शिक्का नाही. आद्य काळातल्या वस्तू कशा दिसत, याचा हा बिनतोड नमुना आहे, आणि त्याच्या शेजारी गोंगचुनच्या नावाची ती कसबी वस्तू ठेवली की प्रश्न आपोआप उभा राहतो.

परक्यांच्या नावांवर शंका घेणाऱ्या या माणसाने स्वतःला त्यातून वगळले नाही, हे त्यांचे मोठेपण. आपण तरुणपणी केलेल्या नकला त्यांनी आपल्या म्हणून सांगितल्या. संग्रहालयातल्या नोंदी त्यामुळे बदलाव्या लागणार होत्या आणि संबंधितांची पंचाईत होणार होती, तरीही. दुसरा एखादा ते गुपित आपल्याबरोबर घेऊन गेला असता. आपली नक्कल भल्याभल्यांनी खरी मानली याचा गुप्त अभिमान बाळगत बसला असता. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या मुख्य संपादनाखाली यीशिंगच्या निवडक कलाकृतींचा सचित्र ग्रंथ हाँगकाँगहून प्रसिद्ध झाला. संग्राहक आजही तो प्रमाणग्रंथ म्हणून उघडतात.

१९८८ मध्ये चीन सरकारने त्यांना राष्ट्रीय कला-कारागिरी महर्षी हा सर्वोच्च किताब दिला. झिशा-कलेत तो मिळवणारे ते पहिलेच. ३ जून १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. दत्तक पुत्र आणि शिष्य यांनी परंपरा पुढे चालवली. ज्या टेकडीच्या मातीवर हे सारे उभे होते, तेथील खाणकाम २००५ मध्ये शासनाने थांबवले. जुन्या साठ्यातली अस्सल माती कोणती, हा आता पारख्यांपुढचा आणखी एक प्रश्न होऊन बसला आहे.

त्यांच्या माघारी किमतींनी जे उड्डाण केले ते त्यांनाही चक्रावून टाकणारे ठरले असते. २०१५ मध्ये त्यांचा खारी आणि द्राक्षांच्या नक्षीचा दहा नगांचा चहासंच चीनमधील एका लिलावात ९ कोटी २० लाख युआनला गेला. आणि जे व्हायचे तेच झाले. गू जिंगझोऊ या नावाचे शिक्के आज शेकडो चहादाण्यांच्या बुडाशी उमटलेले दिसतात. त्यांतले बहुतेक त्यांचे नाहीत. लिलावगृहे त्यांच्या कामाचे दाखले मागतात, जुनी छायाचित्रे शोधतात, शिष्यांचे अभिप्राय घेतात. शांघायच्या दुकानात बसून जो तरुण चेन मिंगयुआनच्या बोटांचा माग काढत होता, त्याच्या बोटांचा माग आता दुसरे तरुण काढत आहेत.

त्यांच्यातलाही एखादा उद्या मोठा कारागीर होईल, कदाचित मोठा पारखीही. शांघायच्या त्या शाळेतून गू निभावले ते हाताच्या कसबामुळे, तसेच कबुलीच्या धैर्यामुळे. दुसऱ्याच्या नावाने केलेले काम आपले म्हणून सांगणे त्यांना जमले, म्हणूनच इतरांच्या नावांवर त्यांनी घेतलेल्या शंका विश्वासार्ह ठरल्या. चहादाणी उलटी करून शिक्का वाचणाऱ्या बाजाराला हे कधी पटेल असे नाही. पण तित्तिराच्या नावाची ती चहादाणी सुलटी ठेवून, माथ्यावरच्या मुठीपासून तोटीपर्यंत नजर फिरवली, तर ती कोणाच्या हातची आहे हे बुडाकडे न पाहताही कळते.